मॅमथच्या दाताची मूठ

अण्णा, तुमचा कंपवात माझ्या हातात उतरलेला नाही. बाकीचं सगळं नंतर सांगते, पण हे आधी सांगायला हवं. गेले पाच महिने मी मनातल्या मनात तुमच्याशी याच एका गोष्टीवर बोलत होते आणि तुम्ही नेहमीसारखे गप्प होतात. तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली. मी आता चोपन्न वर्षांची आहे. तुमचा हात पहिल्यांदा हलला तेव्हा तुम्हाला त्रेपन्नावं लागलं होतं. कोल्हापूरच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही कामावर निघण्याआधी चहा घेत होतात आणि कप बशीत वाजायला लागला. आई चपात्या लाटत होती, तिनं वळून पाहिलं. "गार लागतंय का काय?" तिनं विचारलं. मे महिना होता. तुम्ही कप खाली ठेवला, हात मांडीखाली घेतला आणि म्हणालात, "ऱ्हाऊ दे, आज चहा नको." दुसऱ्या दिवसापासून आई तुमचा कप अर्धाच भरायला लागली. त्यावर घरात कुणी एक शब्द बोललं नाही.

माझं इथलं आयुष्य तुम्हाला नीट बघायला मिळालंच नाही. मी कॅनडात आले आणि दोन वर्षांत तुम्ही गेलात. आम्ही कॅनडातल्याच केंब्रिजला राहतो. इथल्या मोटारींच्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर गेज लावून दुसऱ्यांच्या चुका शोधते. आणि नेमबाजी अजून चालू आहे. तुमच्या वेळी ते एअर पिस्तूल होतं, इथे पॉइंट टू-टूचं, बारक्या खऱ्या गोळ्यांचं टार्गेट पिस्तूल आहे. दर शनिवारी सकाळी क्लबवर जाते, दीड-दोनशे गोळ्या झाडते आणि दुपारच्या जेवणाला घरी येते. मध्यंतरी कायदा बदलला. आता माझ्यासारख्या माणसाला नवं पिस्तूल विकत घेता येत नाही. जे आहे ते जपून वापरायचं आणि त्याच्याबरोबरच म्हातारं व्हायचं. तुमचे जावई त्याला माझी सवत म्हणतात.

माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्यांनी या सवतीला दागिना केला. पिस्तुलाच्या मुठीच्या दोन बाजूंना दोन पट्ट्या असतात, प्रत्येकी एका स्क्रूवर बसवलेल्या. माझ्या जुन्या पट्ट्या रबराच्या, काळ्या, झिजलेल्या. त्यांच्या जागी त्यांनी मॅमथच्या दाताच्या पट्ट्या आणल्या. मॅमथ म्हणजे केसाळ हत्ती, अण्णा, हजारो वर्षांपूर्वी संपलेला. इथे उत्तरेला, युकॉनच्या गोठलेल्या जमिनीत, अजून त्याचे सुळे सापडतात आणि ते विकायला बंदी नाही. मधासारखा रंग, त्यात चहाच्या डागासारख्या तपकिरी रेघा, आणि पॉलिश असं की बोट ठेवलं तर ठसा दिसावा. क्लबमधले सगळे हातात घेऊन बघायचे. कित्येकदा मी स्वतःच टार्गेट सोडून मुठीकडे बघत बसायचे.

तुम्ही असतात तर पहिल्याच दिवशी ओरडला असतात, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी सतरा वर्षांची असताना कॉलेजच्या एअर पिस्तुलाची मूठ मला मोठी व्हायची. तुम्ही मला फाउंड्रीतल्या तुमच्या शेडमध्ये नेलंत. लोखंडाचा पंप ओतायचा तर साच्यासाठी त्याचा नमुना आधी तुमच्या हातून सागवानात तयार व्हायचा, आणि तिथली माणसं तुमच्या टेबलापाशी येताना आवाज खाली आणायची, हे मी त्या दिवशी पाहिलं. तुम्ही माझ्या हातात मेणमातीचा गोळा दिलात आणि म्हणालात, "दाब. जोर लावू नकोस, कुणाचा तरी हात धरल्यागत दाब." त्या ठशावरून तुम्ही शिसवीची मूठ कोरलीत. आठ दिवसांनी स्पर्धा होती. मूठ चांगली दिसावी म्हणून मी तिला गुपचूप वॉर्निश लावलं, दोन हात. तुम्ही ती उन्हात धरून पाहिलीत. "काय ग, नेम धरायचाय का आरशात बघायचंय? घामानं निसटली म्हंजे?" एवढं म्हणून तुम्ही पॉलिश-पेपर घेतलात आणि माझ्यासमोर ते सगळं वॉर्निश घासून काढलंत. मी रागानं दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. स्पर्धेत मूठ निसटली नाही, हेही मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, हलायला लागली. नेम धरला की ती काळ्या वर्तुळात एका जागी थांबेना. पहिल्या दहा गोळ्या ठीक जायच्या, मग एक डावीकडे, एक खाली. मी मूठ जास्त आवळायला लागले. जितकी आवळावी तितकं मनगट थरथरायचं. ऑक्टोबरात एका शनिवारी गोळ्या संपल्यावर मी हात खाली घेतला आणि बोटं आपोआप हलताना पाहिली. अंगठा आणि पहिलं बोट, औषधाची गोळी वळल्यासारखी. तुमची तशीच हलायची. मी सामान आवरलं, पिस्तूल पेटीत कुलूपबंद केलं आणि पार्किंगमध्ये गाडीत किती वेळ बसून राहिले ते आठवत नाही.

कारखान्यात मायक्रोमीटर धरताना हात हलत नव्हता. भाजी चिरताना हलत नव्हता. हे मला दिसत होतं, पण भीतीला पुरावा लागत नाही. मी फॅमिली डॉक्टरकडे गेले, तिनं न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं, आणि इथल्या रीतीप्रमाणे तारीख मिळाली थेट फेब्रुवारीची. तोवर मी कुणालाही काही सांगितलं नाही. सही करताना अक्षर लहान होतंय का ते बघायचे. चहाचा कप भरताना काठाच्या खाली थांबायचे, आणि आपण असं करतोय हे लक्षात आलं की मुद्दाम काठोकाठ भरायचे. क्लबवर जाणं चालू ठेवलं, कारण न जाण्याचं कारण सांगावं लागलं असतं.

फेब्रुवारीत त्या दिवशी घरी सांगितलं की डेंटिस्टकडे जातेय. डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान, भराभर बोलणारी. तिनं मला बोटं आपटायला लावली, कागदावर गोल गोल चक्रं काढायला लावली, कॉरिडॉरमध्ये चालवलं, पाठीमागून खांद्याला धक्का दिला. मनगट हातात घेऊन सावकाश फिरवलं. मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं, तेही तिनं नीट ऐकून घेतलं. मग अंगठ्याच्या मुळाशी दाबलं आणि मी ओरडलेच.

"तुम्हाला पार्किन्सन्स नाहीये," ती म्हणाली. "त्याची एकही खूण मला दिसत नाही. हा सांधा झिजतोय, आर्थ्रायटिस आहे, आणि हाताचे स्नायू दमलेत. तुम्ही इतकं आवळून काय धरता?"

"पिस्तूल," मी म्हणाले. तिच्या भुवया वर गेल्या, म्हणून घाईघाईनं सांगितलं, "टार्गेट शूटिंग. स्पोर्ट."

"आणि ते इतकं का आवळावं लागतं?"

"निसटतं म्हणून," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला तुमचा पॉलिश-पेपर आठवला.

रडू येईल असं वाटलं होतं, अण्णा, पण आली ती भूक. कडाडून भूक. गाडीत बसून मी कामाच्या डब्यातल्या दोन्ही पोळ्या गार भाजीबरोबर खाल्ल्या. मग तुमच्या जावयांना फोन लावला. "मी डेंटिस्टकडे गेले नव्हते," मी म्हणाले.

"माहीत आहे," ते म्हणाले. "अपॉइंटमेंटचा मेसेज घरच्या टॅबवर पण आला होता. काय म्हणाली डॉक्टर?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. आता उद्यापासून ड्राइव्ह-वे तू शोव्हल कर." तेव्हा मला उमगलं की त्या हिवाळ्यात बर्फ काढायचं फावडं एकदाही माझ्या हाती आलं नव्हतं. मी उठायच्या आत सगळं साफ झालेलं असायचं. मला वाटायचं, बर्फच कमी पडतोय.

आमच्या क्लबात एक म्हातारा टूलमेकर आहे, आता रिटायर्ड, गॅरेजमध्ये बसून पिस्तुलांच्या मुठी करतो. पिस्तूल असं कुणाच्या घरी नेता येत नाही, म्हणून पुढच्या शनिवारी तो नमुन्यांचा डबा घेऊन क्लबवरच आला. त्यानं आधी माझ्या मुठीचे स्क्रू काढले आणि मॅमथची एक पट्टी उजेडात धरली. स्क्रूच्या भोकापासून केसाएवढी चीर गेली होती. पट्टी जागेवर बसवणाऱ्या पिनचं भोक लांबट झालं होतं. पट्टी आकसली होती. इथे हिवाळाभर घराघरात घर तापवणाऱ्या भट्टीची कोरडी हवा असते आणि उन्हाळ्यात दमट, त्यात तो दात वर्षभर फुगत आणि आकसत होता. गोळी झाडली की प्रत्येक वेळी ती पट्टी किंचित सरकत होती. मी, जी कारखान्यात सुताएवढ्या फटीसाठी पार्ट परत पाठवते, तिला चार वर्षं हे दिसलं नव्हतं.

"ही काचेच्या कपाटात राहणाऱ्या पिस्तुलाची मूठ आहे," तो म्हणाला. "तुझं पिस्तूल तर नोकरी करतं."

मग त्यानं डबा उघडला. उत्तरेकडच्या केसाळ कस्तुरी-बैलाचं शिंग होतं, हिरवट, आरपार उजेड दिसणारं. मी लगेच तेच उचललं. त्यानं काढून घेतलं. "घामानं याचे पापुद्रे सुटतात." मूसचं, म्हणजे इथल्या भल्यामोठ्या सांबराचं शिंग: वरून टणक, आत स्पंजासारखं, मळ धरणारं. एबनी, म्हणजे आबनूस: काळंभोर, पण कोरड्या हवेत तडकणारं. त्यानं माझ्या तळहातावर पाण्याचे दोन थेंब टाकले आणि म्हणाला, "डोळे मीट." एकेक नमुना हातात देत गेला आणि मी फक्त हो किंवा नाही म्हणायचं. चौथ्या की पाचव्या तुकड्याला हात आपोआप सैल झाला. "हे," मी म्हणाले.

डोळे उघडले तर मेपलच्या गाठीचं लाकूड. झाडाला गाठ येते ना, त्यातलं, नुसते डोळे आणि भोवरे. तुम्ही अशी फळी वखारीतच बाजूला टाकली असतीत. "गाठीचं लाकूड शब्द पाळत नाही," असं तुम्ही वखारवाल्याला ऐकवायचात. मी ते म्हाताऱ्याला इंग्रजीत करून सांगितलं. तो मनापासून हसला. "तुझे वडील बरोबर होते," म्हणाला, "पण त्यांच्याकडे व्हॅक्यूमचा पंप नव्हता." लाकडातली सगळी हवा ओढून घेऊन त्या जागी रेझिन मुरवतात, मग भट्टीत भाजतात. त्यानंतर ते ना फुगत ना आकसत. त्यावर त्यानं बारीक जाळी कोरली, अंगठ्याखाली थोडी जागा जास्त ठेवली, आणि पॉलिश केलं नाही.

त्या दागिन्याचं काय करायचं, ही माझी एकच काळजी उरली होती. जेवताना भीत भीत विषय काढला. तुमचे जावई ताटातून वर न बघता म्हणाले, "अगं, मी दात दिला होता. बदल्यात हात मागितला नव्हता." तुमची नात म्हणाली, "आई, कॅन आय हॅव देम? दे आर लाइक, थाउजंड्स ऑफ इयर्स ओल्ड!" आता एक पट्टी तिच्या टेबलावर पडलेली असते, दुसरी मी ठेवली.

काल नव्या मुठीवर पहिल्या दीडशे गोळ्या झाडून झाल्या. स्कोअर काही खास नाही. अंगठ्याला पट्टा बांधावा लागतो आणि आवळायची सवय इतक्या लवकर जात नाही. पण साइट काळ्यात थांबते, अण्णा. मी श्वास सोडते आणि ती तिथेच असते. शेजारच्या लेनवरच्या बाईंनी विचारलं, का हसतेस. मी म्हणाले, काही नाही, आज थंडी कमी आहे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. मी एकवीस वर्षांची असताना सांगलीला स्पर्धा होती. तुम्ही रजा टाकून एस.टी.नं आलात आणि अगदी माझ्या मागच्या खुर्चीवर येऊन बसलात. हातात घडी घातलेला पेपर होता आणि तो हलत होता, सारखा, बारीक आवाज करत. मी तुमच्यापाशी आले आणि म्हणाले, "अण्णा, इथे ऊन येईल, तुम्ही तिकडे मागे, भिंतीपाशी बसा." तुम्ही लगेच उठलात, बरं म्हणालात.

तो हॉल बंद होता. तिथे ऊन येतच नव्हतं.