कॉम्प्युटरात बसलेला फुकट्या

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (माझा उजवा गुडघा सध्या वाकत नाही, तेव्हा आठांतलं एक अंग वजा धर. बाकीची सगळी जमिनीला टेकली आहेत असं समज.) तुझी पाठ कशी आहे? वहिनीचा खोकला गेला का? आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे येईलच. हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर बोलावं तर मामंजींना ऐकू जातं (माझ्या सासऱ्यांची नजर मंदावली, हात थरथरतो, पण कान मात्र अजून तिखट आहेत), आणि कॉम्प्युटरवर लिहावं तर सगळ्या भानगडीचं मूळ तोच आहे.

झालं काय, एका शाळेच्या सभागृहाचे पडदे शिवायचं काम मला मिळालं. मखमल कुठे बरी मिळेल ते बघावं म्हणून मी कॉम्प्युटर उघडला, तर रोजचं पान गायब आणि त्याच्या जागी एक जांभळं पान. मधोमध भलंमोठं भिंग, खाली टकलावर केस उगवणाऱ्या तेलाच्या जाहिराती, आणि कोपऱ्यात माझं अभिनंदन. (कशाबद्दल ते शेवटपर्यंत कळलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी अभिनंदन केलं म्हणून मी जरा वेळ बघत राहिले, हेही खरं.) मखमल विचारली तर त्याने वापरलेली जहाजं दाखवली. अस्तर विचारलं तर पुन्हा तेल. बंद करून उघडलं तरी जांभळं. सेटिंगमध्ये जाऊन जुनं पान परत लावलं, तर सकाळी हे महाशय पुन्हा हजर, जणू भाडेकरार झाल्यासारखे.

आता हा आला कुठून? मी म्हटलं, ह्यांनी काहीतरी दाबलं. हे म्हणाले, तूच दाबलं असशील. मामंजींवर संशय घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांनी कॉम्प्युटरला कधी हात लावल्याचं कुणी पाहिलेलं नाही. तुझे मेहुणे पडले दातांचे डॉक्टर. कुठलीही गोष्ट मुळासकट उपटली की प्रश्न मिटतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी बाह्या सरसावल्या, ब्राउझरला चिकटलेलं कुठलंसं अनोळखी एक्स्टेन्शन शोधून काढलं आणि विजयी मुद्रेने उपटलं. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा उगवलं. पुन्हा उपटलं, पुन्हा उगवलं. मग हे म्हणाले, हा दुधाचा दात दिसतोय, आणि दवाखान्यात निघून गेले. शेवटी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याला सगळे रिस्टार्टभाऊ म्हणतात, आणि का म्हणतात ते आल्या आल्या समजलं. त्याने रिस्टार्ट केलं, चहा घेतला, पुन्हा रिस्टार्ट केलं, आणि जाताना सांगून गेला की जांभळा रंग डोळ्यांना चांगला असतो.

मी वैतागून स्वतःशीच बडबडत होते की कोण कुठला मेला, न विचारता घरात शिरतो काय, आणि ठाण मांडून बसतो काय! तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज आला, "त्याच्याकडे तिकीट होतं का?"

दादा, माझ्या हातातली कात्री खाली पडली. तुला ठाऊकच आहे, सासूबाई गेल्यापासून मामंजी त्या खुर्चीत नुसते बसून असतात. जेवणार का? हो. चहा? नको. झोप लागली का? हं. एवढ्यावर आमचं घर चाललं होतं. मी काय काय नाही केलं! बागेत नेलं, रेडिओ आणला, ह्यांच्या विनोदांचा मारा करून पाहिला (तो मलाच सोसवेना). आणि हा माणूस महिनोन्महिने गप्प राहून एकदम पूर्ण वाक्य बोलला, तेही प्रश्नार्थक. आयुष्यभर बसमध्ये तिकीट तपासणारा माणूस तो. न विचारता शिरलेला म्हटल्यावर त्यांच्या अंगात संचारलंच.

त्या दिवसापासून मामंजी चष्मा पुसून, केस विंचरून कॉम्प्युटरसमोर ड्यूटीवर. माउस त्यांना धरवत नाही म्हणून शेजारी स्टूल टाकून मी. फुकट्याला चढल्या चढल्या पकडायचं नसतं, हा त्यांचा पहिला नियम. त्याला बसू द्यायचं, खिडकीची जागा मिळू द्यायची, जरा डुलकी लागली की खांद्यावर हात ठेवायचा. त्यामुळे मला काहीही काढून टाकायची मनाई झाली. आम्ही नुसतं पाहायचं. मी मखमल लिहायची, जांभळं पान यायचं, मामंजी हळूच म्हणायचे, आला बघ, ह्याचा चेहराच सांगतो. मग जहाजं येईपर्यंत त्यांच्या नोकरीतले किस्से. एकाने म्हणे वर्षभर बहिरा असल्याचं सोंग केलं, आणि मामंजींनी मागून त्याच्या कानात "साप!" म्हटल्यावर टुणकन उडी मारली. एकाने तिकीट गिळलं आणि वर पाणी मागितलं. सासूबाई त्यांना पहिल्यांदा भेटल्या त्याही बसमध्येच, आणि तिकीट होतं पण रागाने दाखवीनात. हे मला लग्नानंतर आजवर कुणी सांगितलं नव्हतं! हसून हसून माझी मुरकुंडी वळायची. पडदे मात्र तसेच पडून. (पासवर्ड तेवढे मी ह्यांच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवरून बदलून घेतले. एवढी काही मी वेडी नाही.)

शेवटी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. समारंभ तोंडावर, आणि माझ्याकडे मखमलीचा पत्ता नाही. तेव्हा परवा दुपारी मामंजींचा डोळा लागलेला बघून मी एकटीच बसले. सगळ्या प्रोग्रामांची यादी उघडली आणि शांतपणे वाचत गेले, तर तिच्यात 'टोल्यांचे मोफत घड्याळ' नावाचा एक प्राणी निघाला. आमच्या घरी कुणी मागितलं होतं घड्याळ? तोच लेकाचा दर वेळी त्या एक्स्टेन्शनला पुन्हा आत ओढत होता. आधी त्याला काढलं. (जाताना त्याने मला विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. म्हणाला, आम्हाला तुमची आठवण येईल.) मग एक्स्टेन्शन काढलं, जुनं पान लावलं, अँटिव्हायरसकडून कानेकोपरे झाडून घेतले. जांभळं पान गेलं ते गेलंच. मखमलही सापडली, अगदी हवी तशी.

मी उड्या मारत (एका गुडघ्यावर) मामंजींना उठवलं आणि दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "उतरला का? बरं झालं," म्हणाले, आणि जाऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसले.

काल दिवसभर हो, नको आणि हं. आजही तेच. दादा, मला फार वाईट वाटतंय रे. पडदे चार दिवस उशिरा दिले असते तर काय आभाळ कोसळणार होतं? बाकी सगळं क्षेम. मशीन घरघरतंय, पडदे शिवायला घेतले आहेत. वहिनीला नमस्कार, मुलांना पापे.

तुझी,
एका गुडघ्याची बहीण

ता. क. आता मुद्द्याचं. तू एवढा कॉम्प्युटरमधला माणूस, तर मला एक निरुपद्रवी फुकट्या बनवून दे. कुठलं काही चोरायचं नाही, नुसतं भलतंच पान उघडायचं आणि काढलं तरी परत यायचं. रंग जांभळाच हवा. मामंजींना कळता कामा नये.

आणखी ता. क. हे पाकीट मामंजींच्याच हाती पोस्टात पाठवतेय, तेवढेच पाय मोकळे होतील. ते दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यातले नाहीत.

सूनबाईच्या बंधूंस आशीर्वाद. दुसऱ्याचं पत्र मी वाचत नाही. पण पाकिटावर तिकीट नव्हतं, तेव्हा तपासणी करणं भाग पडलं. ते घड्याळ मीच घेतलं होतं. हिच्या, म्हणजे सूनबाईच्या सासूच्या, हातच्या चावीवर भिंतीवरचं घड्याळ चालायचं, ते ही गेल्यावर बंद पडलं. कॉम्प्युटरवर टोल्यांचं फुकट मिळतंय म्हणून सगळे बाहेर असताना दोन्ही हातांनी माउस धरून दाबलं. आयुष्यभर फुकटे उतरवले आणि शेवटी एक स्वतःच घरात चढवला, हे कुणाजवळ बोलायची सोय नाही. तुम्ही खोटा पाठवू नका, मी चेहऱ्यावरून ओळखतो. मला त्याची सवय नव्हती लागली. शेजारी स्टूल टाकून सूनबाई बसायची, त्याची लागली. हे मला तिला सांगता येणार नाही, तुम्ही कळवा. पाकिटाला तिकीट लावलं आहे.