बासष्ट जणांचं गाणं

प्रिय ठके,

पाकीट चिकटवून बाबांच्या हाती देते आहे. त्यांच्यासमोर वाचू नकोस. आणि घाबरू नकोस. घाबरायचं काम सध्या मी करते आहे, एका घरात एक जण पुरे.

काल तुझा मेसेज वाचला. तुझ्या नाटकाला प्रेक्षकांच्या त्रेसष्ट चिठ्ठ्या आल्या, त्यांतल्या बासष्ट चांगल्या, आणि तू धरून बसलीस उरलेली एक. "शेवटी बाई नुसती चादरींच्या घड्या घालत उभी. प्रेमाच्या संगीत नाटकाला शेवट तरी हवा होता." म्हणून रविवारपासून शेवटच्या गाण्याला माइक, वरची पट्टी, आणि तुझी नटी रडून बेजार. ऐंशी खुर्च्यांच्या खोलीत माइक! एका निनावी शेऱ्यापायी केवढा हा आटापिटा.

इकडची बातमी फारशी बरी नाही. कोर्टात साक्षीदाराचा शब्द न शब्द टिपून घ्यायचं काम मी एकतीस वर्षं करते आहे. गेल्या महिन्यात साहेबांनी माझे कागद तीनदा परत पाठवले. मी खापर साक्षीदारांवर फोडलं, हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात पुटपुटतात म्हणून. घरी बाबा म्हणाले, "अहो बाईसाहेब, बातम्या शेजाऱ्यांनाही ऐकवायच्या आहेत का?" मी म्हटलं, तुमचेच कान फार तिखट झालेत. निवृत्तीला दीड वर्ष आहे. रोज सकाळी कोर्टाच्या पायऱ्या चढताना आज किती कागद परत येतील ते मोजते.

तुझ्या प्रयोगाला माझ्या शेजारचे गृहस्थ शेवटी रुमालात नाक शिंकरत होते. मला वाटलं, सर्दी. पुढच्या रांगेतल्या मुलीने नवऱ्याचा हात घट्ट धरला होता. चादरींच्या घड्यांत एवढं काय आहे, मला कळेना. बाहेर पडताना एक आजी आपल्या सुनेला ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "कानात सांगितल्यासारखं गायली गं शेवटी!" मी जिन्यातच थांबले. कठडा धरून.

ठके, ती चिठ्ठी माझी. तोवर चिठ्ठ्यांच्या पेटीत पडून गेली होती. पियानो थांबला तेव्हा मला वाटलं, सगळंच थांबलं. तुझ्या नटीचे ओठ हलत होते; मी समजले, घड्या मोजते आहे. तू लिहिलेलं गाणं मला ऐकूच आलं नाही, आणि मी तिलाच नावं ठेवून मोकळी झाले. फोनवर हे सांगता आलं नसतं. हल्ली तुझ्या 'हॅलो'नंतरचं सगळं मी अंदाजाने चालवते. माइक काढून टाक. पट्टी होती तिथे आण. तिची माफी मी येऊन मागेन. गुरुवारी सकाळी दहाला कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पण पाय उचलत नाही. ते काय सांगतील याची भीती वाटते, आणि सांगितलेलं मला कळणारच नाही याची त्याहून जास्त. तू बरोबर ये. माझ्या डाव्या हाताला बस आणि ते म्हणतील ते सगळं मला लिहून दाखव. काही गाळू नकोस.

तुझीच,
आई