एक पाव देणे

ता. ९ मार्च

चि. छोट्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तूही असशील असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस. बाबांचा गुडघा कुरकुरतोय, तोंड मात्र ठणठणीत आहे. तुझ्या खोलीत आता मैद्याची पोती ठेवते, उगाच रुसू नकोस.

आपल्या चिठ्ठ्यांचं तू विचारलं नाहीस, तरी सांगणार आहे. सुट्टे मिळेनात म्हणून तू गिऱ्हाइकाला उरलेल्या पैशांऐवजी 'एक पाव देणे' असं लिहून खाली सही ठोकायचास, मी वहीत नंबर टिपायचे. पण त्या बेकरीत लवकर परत येईचनात. न्हावी घेतो, चांभार घेतो, शिंपीण तर काजं-बटणं त्यावरच करून देते. समोरचे मास्तर म्हणाले, नोट अशीच जन्मली. लोक जड नाणी सोनाराकडे ठेवायचे, तो पावती द्यायचा, मग नाणी तिजोरीतच बसायची आणि पावती बाजारभर हिंडायची. पुढे एखाद्या सोनाराला मोह व्हायचा, नाण्यांपेक्षा जास्त पावत्या लिहायचा. एवढं बोलून मास्तरांनी माझ्या वहीकडे पाहिलं. मी विषय बदलला.

आता माझी चूक ऐक. गेल्या गुरुवारी इस्त्रीवाल्या मावशी चिठ्ठी घेऊन आल्या. नंबर चारशे बारा. माझ्या वहीत चारशेच्या पुढे नोंदच नाही. अक्षर तुझं आहे हे मला दिसलं होतं. तरी मी फटकन म्हणाले, "ही आमची नाही." मावशींनी चिठ्ठीची घडी केली आणि गेल्या.

झालं. शुक्रवारी शटर उघडलं तर रांग थेट शाळेच्या फाटकापर्यंत, आणि प्रत्येकाच्या हातात चिठ्ठ्या. एक नाकारली की सगळ्यांचीच रद्दी होते, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. बाबा म्हणाले, शटर ओढ. मी म्हटलं, "सही आपल्या घरातली आहे. शेवटच्या माणसाला पाव मिळेपर्यंत शटर उघडं राहील." तुझी स्कूटर पीठवाल्याला विकली, विचारायला तू नव्हतास. मळून मळून हात भरून आले. मावशींना आधी बोलावलं, सगळ्यांदेखत माफी मागितली आणि पाव दिला.

दुपारी गंमत झाली. पाव मिळतोय हे दिसल्यावर मागची माणसं चिठ्ठ्या खिशात घालून घरी निघाली. शिंपीण म्हणाली, मिळणारच आहे तर आजच नेऊन शिळा कशाला करू? मी गल्ल्यामागे बसून रडले रे.

चारशेच्या पुढच्या, तू मला न सांगता लिहिलेल्या, आजवर एकशे तीस आल्या. बसच्या तिकिटाला किती गेल्या, नव्या बुटांना किती, सगळं कळलंय. बाबांना सांगितलेलं नाही. राग आला होता, अजून आहे. पण एकही चिठ्ठी परत पाठवली नाही.

आता सही मी करते, आणि जेवढा मैदा तेवढ्याच चिठ्ठ्या. तू परत ये. एकशे तीस पाव तुझ्या हातांनी मळायचे, त्यात सूट नाही.

पाकिटात माझ्या सहीची एक चिठ्ठी घातली आहे. तिच्यावर नंबर नाही, मुदतही नाही. ती कुठे खर्चू नकोस, स्वतः घेऊन ये.

देणं लागते,
ताई