नकार पोचलाच नव्हता

मंगळवार, संध्याकाळ

कारखान्याच्या अ‍ॅपमधला बग आज सापडला. कामगार शिफ्ट बदलून मागतो आणि स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहतं. सर्व्हरचं उत्तर येत होतं. ते कोणी घ्यायचं, हे मी कोडमध्ये ठरवलंच नव्हतं. डेलिगेट, म्हणजे उत्तर घेणाऱ्याची जागा, रिकामी असली की अ‍ॅप चूक दाखवत नाही, नुसतं गप्प राहतं. एक ओळ लिहिली, चक्र थांबलं.

घरी आले तर आत्याचा फोन. "रविवारी थेरगावची मंडळी साखरपुड्याचं ठरवायला येतायत."

"आत्या, मी नाही म्हटलं होतं. तू कळवणार होतीस."

"अगं, लगेच कळवतात का? म्हटलं, बदलेल तुझं मन."

स्थळ तिने आणलेलं, म्हणून निरोपही तिच्यामार्फत. तिला सांगितलं की झालं, असं मी धरून चालले. निरोप पोचला का, हे मी एकदाही का विचारलं नाही? तिकडे त्या मुलासमोर तेच फिरणारं चक्र. राग यायला हवा होता. आला नाही.

आत्याकडून नंबर घेऊन त्याला स्वतः फोन केला. "माझा नकार आहे. आधीच कळायला हवा होता, माफ करा."

तो म्हणाला, "थांबा, आईला देतो. तिला तुम्हीच सांगा."

"नाही," मी म्हटलं, "तुमच्यापर्यंत मी पोचवलं. आईला तुम्ही सांगा."