हवेचं भाडं

३ मार्च
बाहेरून येणाऱ्या खुर्च्यांवर सरकारने कर वाढवला म्हणून दादाने कारखान्यात मिठाई वाटली. पॉलिशवाला म्हणाला, "ताई, आता आपलेच दिवस!" मीही खुळी, दोन तुकडे खाल्ले. लेथवर खुर्च्यांचे पाय घडवणारी मी एकटीच, आणि महिनाभर हातावर हात ठेवून बसलेय. वाटलं, सुटले एकदाची.

९ मार्च
कसले दिवस अन् कसलं काय! कर अख्ख्या खुर्चीवर आहे— सुट्या भागांवर नाहीच! दादाने गुपचूप सुटे भाग मागवलेसुद्धा. वर मलाच शिकवतो: "अख्खी खुर्ची म्हणजे पाऊण भाग हवा. हवेचं भाडं कोण भरणार? सुट्या केल्या की एका कंटेनरात चौपट मावतात." इथे फक्त स्क्रू पिळायचे आणि शिक्का मारायचा— 'देशी'. सख्खा भाऊ आहे, तरी किळस आली.

१० मार्च
दादाशी बोलले नाही. त्याला ते कळलंही नाही.

१७ मार्च
खोकी आली. ट्रक रिकामा होतो न होतो तोच त्यावर आपल्या डोंगरातले ओंडके चढायला लागले! हे कुठे? म्हणे, खोकी आली तिकडेच. दादा खुशीत होता— "बोटी इथे माल टाकून रिकाम्या परततात. ओंडके जवळजवळ फुकटात नेतात. त्यापेक्षा इथून बंदरापर्यंतचा ट्रक महाग!" तिकडचं सरकार कारखान्यांना वीजही निम्म्या दरात देतं म्हणे. म्हणजे आपलंच झाड समुद्रापार जाणार, पाय होऊन परत येणार, आणि तरी माझ्यापेक्षा स्वस्त. काखेत कळसा अन् गावाला वळसा! पण या वळशात सगळ्यांचं भागतं, माझं सोडून.

२२ मार्च
लेथ विकतोय! मला वाटलं भंगारात. "छे, तिकडच्या कारखान्याला. असं दणकट जुनं यंत्र त्यांना हवंच असतं. रिकाम्या बोटीतून जाईल, भाडं नावाला."
ताट सरकवून उठले. वहिनी मागोमाग आली: "वन्सं, तुम्ही जोडणीला बसा ना. पगार तोच राहील." त्यांच्या पायांना मी स्क्रू मारू? थू! निर्लज्ज आहेत सगळे. बाहेरच्या मालाला हात लावणार नाही, असं तोंडावर सांगितलं.

२५ मार्च
लेथबरोबर तो चालवणारं माणूसही हवंय त्यांना. मी हो म्हणून आले.