नवी किंकाळी

३ तारीख, सोमवार
नोकरी लागली! रेडिओ दुरुस्त करता करता कान तयार झाले. कुणी पदवी विचारलीच तर कान दाखवतो. भुताच्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग काढायचाय, आवाजाचं काम माझं. टेबल खिडकीशी, माणसं गोड. कामं वाटणाऱ्या बाईंना सगळे आक्का म्हणतात. त्यांनी चित्रकाराला जिने दिले, प्रोग्रामरला भुताची चाल. पहिल्या भागातलं जमेल तेवढं पुन्हा वापरायचं, वेळ वाचतो. फक्त किंकाळी दर भागाला नवी, हा इथला रिवाज. ती माझ्या वाट्याला. सगळे हसले, मीही हसलो. आवाजाचा नमुना म्हणून आक्कांनी माझ्याकडून ढीगभर वाक्यं वाचून घेतली. बायकोला कळवलं, बाळंतपणाला येतोच.

५, बुधवार
जुनी किंकाळी ऐकली. अंगावर काटा! नट कोण, विचारलं. चित्रकार म्हणाला, नट कसला, तुमच्या आधीचा आवाजवाला. असतो कुठे? तर म्हणे, आपल्यातच आहे. आईला दर रविवारी फोन करतो, इतका गुणी. एवढं बोलून बिनसाखरेचा चहा ढवळत बसला.

१०, सोमवार
किंकाळीवरची खरखर काढली. खाली शब्द आहेत: आक्का, दार उघडा.

१२, बुधवार
किंकाळीला नटी बोलावू म्हटलं. आक्का म्हणाल्या, भाऊ, विकतची भीती खेळणाऱ्याला लगेच कळते. बाकीच्यांची कामं उरकली, घोडं तुमच्यापाशी अडलंय. कुणी नजर देत नाही. पहिल्या दिवशीचं ते हसू स्वतः सुटल्याचं होतं. मेल्यांनो!

१३, गुरुवार
बायकोला फोन केला, उद्या निघतो म्हणून. ती रडत होती. सकाळीच तर सांगितलंत, म्हणाली, येत नाही, पुन्हा फोन करू नकोस. मी नाही केला— पण आवाज तुमचाच होता, म्हणाली. मग आत्ता बोलतोय तो कोण, मी विचारलं. तिनं फोन ठेवून दिला. ती ढीगभर वाचलेली वाक्यं!

१४
बॅग रेकॉर्डिंगच्या खोलीत ठेवलीय म्हणाले. घ्यायला आत आलो. दार मागून बंद झालं, आतून उघडायला मूठच नाही.
काचेपलीकडे सगळे. आक्का हात जोडताहेत. चित्रकारानं लाल दिवा लावला.

ओरडायचं नाही. ओरडलो की यांचं काम झालं.

त्यांनी स्पीकर सुरू केला— फोनवर बायको. कळा सुरू झाल्यात, मला हाका मारतेय. आणि माझाच आवाज तिला शांतपणे सांगतोय—
ओरडायचं नाही
ओरडायचं ना—