टप्पा पहिला : काढणे

तीर्थस्वरूप आईंच्या सेवेशी,

जावयाचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल रोज लावता, की बाटली नुसतीच उशाशी ठेवता? इकडे सगळं मजेत आहे. (‘मजेत’ हा शब्द तुमच्या लेकीने वाचला तर ती प्लास्टरातला पाय आपटेल, पण पत्र मी लिहितोय.) तिचा पाय आता दुखत नाही. पलंगावर पडल्या पडल्या तिला पाळणाघरातलं सगळं ऐकू येतं, हेच काय ते दुखणं.

तुम्ही विचारलंत, तिच्यामागे पाळणाघर बघतं कोण? आई, मी बघतो. ती जिन्यावरून घसरली त्या दिवशी माझ्या मनात आलं, पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क म्हणून उभा जन्म गेला, अख्ख्या शहराला वेळेवर पाणी सोडलं, मग पुढच्या दोन खोल्यांतल्या मूठभर पोरांचं दूध, झोप आणि शू वेळेवर का नाही होणार? तान्ह्यांच्या खोलीत तिची मदतनीस आहे (बोलत काही नाही, माझ्याकडे बघून नुसती ओठ दाबून हसते) आणि चालती पोरं माझ्याकडे. पहिल्याच दिवशी भिंतीवर वेळापत्रक लावलं. जेवणानंतर सामुदायिक झोप. पण एकाला थोपटून निजवावं तर दुसरा उठतो, आणि दुसरा डोळे मिटतो न मिटतो तोच तिसरा जाऊन पहिल्याच्या डोळ्यात बोट घालतो, खरंच झोपलाय का हे बघायला. हा तिसरा म्हणजे आमचा इन्स्पेक्टर. अजून धड दोन वर्षांचा नाही, पण नजर अशी की मला जुने साहेब आठवतात. शेवटी त्या दुपारी सामुदायिकपणे झोपलो तो मी एकटाच. जागा झालो तेव्हा वेळापत्रकाचा खालचा कोपरा कुणीतरी खाल्लेला होता. (शाईने काही होत नाही. डॉक्टरांना विचारलं.)

एवढ्यावर भागलं असतं, पण समोरच्या इमारतीत ‘बालमेंदू विकास केंद्र’ उघडलं. तिथे म्हणे सहा महिन्यांच्या बाळालाही छापील अभ्यासक्रम देतात. दुसऱ्याच दिवशी मिरचीची आई दारात उभी. (मिरची म्हणजे ओल्या फडक्याने तोंड पुसायला गेलं की लालबुंद होणारी एक मुलगी. आई बँकेत मॅनेजर आहे, त्यामुळे साधं ‘नमस्कार’ म्हणाली तरी आपलं काहीतरी थकलंय असं वाटतं.) “तुमच्याकडे नक्की शिकवतात काय?” आतून तुमच्या लेकीचा आवाज आला, “जेवायला, हात धुवायला, कपडे घालायला, दुसऱ्याला न चावायला!” मला ते फार घरगुती वाटलं. मी म्हटलं, “आमचाही अभ्यासक्रम आहे. शनिवारी सगळ्या पालकांना प्रात्यक्षिकच दाखवतो.” झालं! मिरचीच्या आईने मान डोलावली, आणि जाता जाता सांगून गेली की पटलं नाही तर सोमवारपासून मिरची समोर जाईल. ती गेली की तिच्यामागे बाकीचे जाणार, हे न कळायला मी काही दूधखुळा नाही.

मग बसलो लिहायला. विषय : स्वावलंबन. टप्पा पहिला, कपडे काढणे. टप्पा दुसरा, कपडे घालणे. तुमची लेक आतून ओरडली, “अहो, आधी मोजा घालायला तरी शिकवा!” मी म्हटलं, “काढल्याशिवाय घालणार काय?” यावर ती गप्प बसली. (ती गप्प बसली की मी सावध व्हावं, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला ऐन वेळी आठवत नाही.) मी तीन टाळ्या वाजवायच्या आणि पोरांनी सुरुवात करायची, अशी खूण ठरवली. आई, काय सांगू, असे विद्यार्थी नशिबाने मिळतात! एरवी कपड्यांना हात लावला की भोंगा पसरणारा आमचा गुटगुटीत ढोल्यासुद्धा दोन दिवसांत बटणं तोडून का होईना, मोकळा व्हायला लागला. दुसऱ्या टप्प्याला मात्र वेळच उरला नाही.

शनिवारी पालक आले. समोरच्या केंद्रात विचारून आलेलं एक नवं जोडपंही चौकशीला आलं होतं. पोरं धुतलेल्या तांदळासारखी ओळीत बसली होती. मी स्वावलंबनावर बोललो, बरा बोललो असेन, कारण शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या, आई!

मी “अहो, थांबा!” म्हणेपर्यंत झबली, फ्रॉक, चड्ड्या हवेत. शेवटी अंगावर लंगोट तेवढे राहिले, तेही गाठी पक्क्या होत्या म्हणून. इन्स्पेक्टरने आपलं आटोपलं आणि पाहुण्यांची तपासणी सुरू केली. नव्या जोडप्यातल्या गृहस्थांच्या बुटाची नाडी ओढून सोडली आणि मोज्याला हात घातला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मिरची आपला फ्रॉक घेऊन भिंतीशी बसली आणि दोन्ही पाय एकाच बाहीत घालू लागली. आईने पुढे केलेला हात तिने ढकलला. “मी!” एवढंच म्हणाली. खूप वेळाने फ्रॉक कमरेपर्यंत चढला, उलटा. मॅनेजरबाई मटकन जमिनीवर बसल्या. “रोज सकाळी हिला कपडे घालताना आम्ही दोघी रडतो हो,” म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “दुसरा टप्पा कधी आहे?”

मिरची राहिली. नवं जोडपंही नाव घालून गेलं, गृहस्थ एक मोजा हातात धरून. ढोल्याचे वडील मात्र त्याला समोर घेऊन गेले, कारण त्याचा एक बूट सापडेना. (काल सापडला. पिण्याच्या पाण्याच्या पिंपात.) एकूण सगळं सुरळीत आहे, काळजी नसावी.

आपला आज्ञाधारक,
जावई

ता. क. पुढच्या आठवड्यात प्लास्टर निघतं, आणि ती मला म्हणते, “आता तुम्ही खुशाल पेपर वाचत बसा.” तर तुम्ही तिला, आपणहून सुचल्यासारखं, लिहाल का की पायावर ताण नको, चालती पोरं जावईबापूंकडेच राहू देत? मी नोकरीत असताना सकाळी आत शिरलो की कुणी मान वर करत नसे. इथे दार उघडलं की सगळी हात वर करतात, घ्या म्हणून.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करायच्या आत हे तिने वाचलं. पोरं माझ्याकडे ठेवायला तयार आहे, पण एका अटीवर : यापुढे मी अभ्यासक्रम लिहायचा नाही. मी कबूल केलं. सोबत दुसऱ्या टप्प्याचा मसुदा पाठवतोय, बारकाईने तपासा. उत्तर मात्र घरी नको, खाली इस्त्रीवाल्याच्या पत्त्यावर पाठवा.